जुनी जड गाडी की नवी हलकी गाडी: धडकेत वजनाचा उपयोग नेमका कोठे होतो

आपला प्रश्न मी समजलो तो असा. आपण मारेगावला राहता आणि नोकरीसाठी रोज करंजीमार्गे पांढरकवड्याला जाता. घरात आई, पत्नी आणि दोन लहान मुले आहेत. सात लाखांच्या आसपास एक तर सुमारे ९०० किलो वजनाची नवी हॅचबॅक मिळते, नाही तर २०१४ सालची, सुमारे १,८०० किलोंची, सात आसनी जुनी गाडी मिळते. मेहुण्यांचे म्हणणे, "लोखंड पाहा जी भाऊजी, हा तर पत्र्याचा डबा हाये." वणीकडून येणारे कोळशाचे ट्रक रोज समोरून येत असल्यामुळे आपल्यालाही त्यांचे म्हणणे पटू लागले आहे, पण मन पूर्ण मानत नाही.

मी २४ वर्षांपासून यवतमाळ आणि लगतच्या जिल्ह्यांत मोटार विम्याचा सर्वेक्षक म्हणून काम करतो. अपघातानंतर जागेवर जाऊन स्पॉट सर्व्हे करायचा, मग गॅरेजमध्ये गाडी उघडल्यावर कोणता भाग कशामुळे मोडला हे लिहायचे, हा माझा रोजचा उद्योग. जखमी माणूस बहुतेक वेळा मला भेटत नाही, पण गाडी बरेच सांगते. काच आतून बाहेरच्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखी फुगलेली असेल तर तेथे डोके आपटलेले असते, आणि पट्टा खरोखर बांधलेला असेल तर त्याच्या विणीवर कडीपाशी घासल्याचा, कधी प्लास्टिक वितळून चिकटल्याचा डाग सापडतो. दाव्याच्या अर्जात काहीही लिहिलेले असो, तो डाग खोटे बोलत नाही.

आपण "मोठी की लहान" असे विचारले आहे. माझ्या मते त्याआधी "धडक कशाशी" हे विचारावे लागेल, कारण वजनाचा फायदा समोर कोण आहे यावर ठरतो, आणि तो प्रत्येक ठिकाणी सारखा मिळत नाही.

मेहुण्यांच्या म्हणण्यात जेवढे खरे आहे ते आधी मान्य करतो. समजा ९०० किलोंची एक आणि १,८०० किलोंची दुसरी अशा दोन गाड्या ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळल्या आणि एकमेकींत अडकल्या. संवेगाचा, म्हणजे वजन आणि वेग यांच्या गुणाकाराचा, हिशेब केला तर दोन्ही मिळून जड गाडीच्या दिशेने ताशी सुमारे १७ किलोमीटर वेगाने सरकतात. म्हणजे जड गाडीचा वेग ५० वरून १७ वर आला, ३३ चा फरक पडला; हलकी गाडी मात्र ५० ने पुढे जात होती ती १७ ने मागे ढकलली गेली, म्हणजे ६७ चा फरक. आतल्या माणसाच्या शरीराला जे सोसावे लागते ते मुख्यतः या फरकावर आणि तो किती क्षणांत पडला यावर अवलंबून असते. तेव्हा एकाच धडकेत हलक्या गाडीतील माणसाला दुप्पट झटका बसतो, आणि गाडी कितीही उत्तम बनवलेली असली तरी हा हिशेब बदलत नाही.

याची प्रत्यक्ष परीक्षाही झालेली आहे. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस नावाची संस्था आहे. तिने २००९ मध्ये एकाच कंपनीच्या लहान आणि मध्यम गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने एकमेकींवर आदळवल्या. आपल्याकडे जॅझ म्हणून आलेली होंडा फिट अकॉर्डवर, टोयोटा यारिस कॅमरीवर आणि स्मार्ट ही मर्सिडीजच्या सी-क्लासवर. या तिन्ही लहान गाड्यांना अडथळ्यावरच्या नेहमीच्या चाचणीत चांगला शेरा होता, पण मोठ्या गाडीशी गाठ पडल्यावर तिन्हींचा शेरा वाईट आला. म्हणून जाहिरातीतले तारे मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आदळवून पाहून त्यांना तारे देण्याची योजना, सुरू झाली आहे. त्यातील समोरच्या धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने एका स्थिर, दबणाऱ्या अडथळ्यावर होते, आणि ती साधारणपणे आपल्याच वजनाच्या गाडीशी टक्कर होण्यासारखी असते. पाच ताऱ्यांची लहान गाडी आणि पाच ताऱ्यांची मोठी गाडी या त्यामुळे सारख्या सुरक्षित ठरत नाहीत. तारे आपापल्या वजनाच्या गटात वाचायचे असतात.

एवढ्यावर थांबलो असतो तर मेहुणे जिंकले असते. पण आपली भीती दुसऱ्या मोटारीची नाही, कोळशाच्या ट्रकची आहे, म्हणून तोच हिशेब ट्रकसाठी करून पाहू. दहा चाकी, म्हणजे तीन आसांच्या ट्रकला २०१८ पासून भरलेल्या अवस्थेत २८.५ टन वजनाची परवानगी आहे. प्रत्यक्षात काट्यावर काय भरते ते आपण जाणताच. असा ट्रक ५० ने येत असताना आपली ९०० किलोंची गाडी ५० ने त्याला भिडली तर आपल्या वेगात पडणारा फरक ताशी ९७ किलोमीटर. गाडी १,८०० किलोंची घेतली तर तो ९४. दुप्पट लोखंड विकत घेतले आणि पदरात तीन किलोमीटर पडले. त्या धडकेत ९७ आणि ९४ यांत जगण्या-मरण्याचा फरक नाही.

आता दुसऱ्या टोकाला मोटारसायकल घ्या. चालकासह २०० किलो धरा. हॅचबॅकच्या वेगात १८ चा फरक पडतो, मोठ्या गाडीच्या वेगात १० चा. आतले लोक पट्टा बांधून बसले असतील तर दोन्हींत सहसा निभावतात. मोटारसायकलवाल्याची गत मात्र दोन्हींत एकच. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांत साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची होती. आपण ज्या "सुरक्षित" गाडीचा विचार करत आहात तिच्या समोर सर्वांत जास्त वेळा येणारा माणूस हाच आहे, हे मी जाता जाता नोंदवून ठेवतो.

म्हणजे समोर ट्रक असेल तर जास्तीचे वजन अपुरे पडते, आणि दुचाकी असेल तर आपल्यापुरते ते अनावश्यक असते. वजनाने खरा फरक पडतो तो मधल्या पट्ट्यात, दुसऱ्या मोटारीशी होणाऱ्या टकरीत. पुण्या-मुंबईच्या माणसासाठी हा पट्टा रुंद आहे. वणी-मारेगाव-करंजी रस्त्यावर तो अरुंद आहे, आणि माझे उत्तर मुख्यतः या एका गोष्टीवर उभे आहे.

झाडाचे वेगळे आहे. आपल्या रस्त्यांच्या कडेला गेरू-चुन्याचे पट्टे ओढलेले जुने कडुलिंब आणि चिंचा आहेत, रपट्यांचे आणि पुलांचे कठडे आहेत. ही मंडळी मागे सरकत नाहीत. एखादी कोवळी बाभूळ जड गाडी मोडून पुढे जाईल, तेवढा फायदा खरा आहे. पण बुंधा दोन माणसांच्या कवेत न मावणारा असेल तर ५० चा वेग शून्यावर येणार, गाडी ९०० किलोंची असो की १,८०० ची. उलट जड गाडीने सोबत आणलेली ऊर्जाही दुप्पट असते आणि ती तिलाच पचवावी लागते. ती कशी पचवली जाते हा गाडीच्या बांधणीचा प्रश्न आहे.

जुन्या गाडीबद्दल "पत्रा जाड आहे, दाबला तरी दबत नाही" असे अभिमानाने सांगितले जाते. गाडीचा पुढचा भाग दबलाच पाहिजे. बोनेटखालचा भाग अर्धा-पाऊण मीटर चुरगळत जातो तेव्हा आतल्या माणसाला थांबायला तेवढे अंतर आणि तेवढा वेळ मिळतो. दबता कामा नये ती माणसे बसतात ती पेटी, म्हणजे खांब, छत आणि पायांजवळचा भाग. जुन्या शिडीसारख्या चेसिसच्या गाड्यांत मी याच्या नेमके उलटे पाहिले आहे. बंपर आणि चेसिसची टोके जवळजवळ शाबूत, आणि स्टिअरिंगचा दांडा चालकाच्या छातीपर्यंत आलेला. अशी गाडी गॅरेजमध्ये आठ दिवसांत उभी राहते आणि मालक कौतुकाने सांगतो की गाडीला काही झाले नाही. त्याच आयआयएचएसने २००९ मध्येच १९५९ सालची शेवरोले बेल एअर आणि २००९ सालची मालिबू समोरासमोर आदळवली होती. दोघींच्या वजनात फारसे अंतर नव्हते. मालिबूच्या चालकाच्या पायाला इजा झाली असती एवढेच मोजमाप आले. बेल एअरचा चालक वाचला नसता.

आपल्याकडे हा फरक समजायला पन्नास वर्षांचे अंतर लागत नाही. समोरच्या आणि बाजूच्या धडकेच्या सक्तीच्या चाचण्या २०१७ ते २०१९ या काळात टप्प्याटप्प्याने लागू झाल्या. मोटारींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या आसनाची एअरबॅग सर्व मोटारींत २०२२ पासून हमखास मिळते. आपण पाहत असलेली गाडी २०१४ ची आहे. तिच्या वरच्या मॉडेलमध्ये यांपैकी काही असू शकेल, खालच्या मॉडेलमध्ये एकही नसेल. म्हणून "मोठी की लहान" एवढीच ही निवड राहिलेली नाही. सक्तीच्या नियमांआधीची की नंतरची, असाही तिचा अर्थ आहे.

उंच गाडीविषयी एक घरचा अनुभव सांगतो, कारण त्यात चूक माझी होती. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या साडूंनी मला हाच प्रश्न विचारला होता आणि मी विचार न करता "जड घ्या" असे सांगितले. एका लग्नाहून परतताना समोरून ट्रक आला, त्यांनी डावीकडे दाबली, डावी चाके डांबरावरून साइडपट्टीवर उतरली. आपल्या काळ्या मातीत ती पट्टी पावसाळ्यानंतर डांबरापेक्षा चांगली वीतभर खाली असते. त्यांनी घाबरून स्टिअरिंग एकदम उजवीकडे ओढले, चाक डांबराच्या काठाला अडकून अचानक वर चढले आणि गाडी रस्ता ओलांडून पऱ्हाटीच्या शेतात दोनदा उलटली. कोणत्याही वाहनाशी धडक झाली नव्हती. मागच्या आडव्या बाकावर बसलेले दोघे बाहेर फेकले गेले. त्यांपैकी एकाचा खांदा आजही पुरता वर जात नाही. गाडी जितकी उंच तितका तिचा गुरुत्वमध्य वर, आणि उलटण्याचा धोका जास्त. नव्या गाड्यांत घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हा धोका बराच कमी करते, पण २०१४ च्या त्या किमतीच्या गाडीत ती मिळण्याची आशा मी धरणार नाही. दुसरे असे की सात आसनी गाडी आपल्याकडे सात जणांवर कधी थांबत नाही. मागच्या बाकावर पाच मुले बसली की स्प्रिंग, टायर आणि ब्रेक यांचा सगळा हिशेब बदलतो.

उंचीचा फायदा कोठे होतो तेही सांगितले पाहिजे. पांढरकवड्याच्या बाजूला टिपेश्वरचे जंगल आहे आणि संध्याकाळनंतर रोही, म्हणजे नीलगायी, रस्त्यावर येतात. पूर्ण वाढलेला नर रोही दोनशे किलोंच्या पुढे जातो आणि पायांनी उंच असतो. लहान गाडीचा बंपर त्याच्या पायांना लागतो आणि सगळे धड बोनेटवरून काचेवर येते. उंच गाडी त्याला समोरच्या जाळीवर घेते. कोणी बाजूने दारावर धडकले तरी उंच बसलेला माणूस बहुधा फायद्यात राहतो. रात्रीचा प्रवास नित्याचा असेल तर ही बाजू मी हलकी मानणार नाही.

पण अंधाराचा विषय निघालाच आहे तर आपल्या भागातला सर्वांत वाईट अपघात कोणता ते सांगतो. तो समोरासमोरचा नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघतात. मागे दिवा नसतो, परावर्तक असलाच तर धुळीने झाकलेला असतो, आणि दोन्ही बाजूंनी कापूस बाहेर फुगलेला असतो. कधी पंक्चर झालेली ट्रॉली किंवा ट्रक चाकामागे दगड लावून रस्त्यातच उभा असतो. ट्रॉलीचा आणि ट्रकचा तळ मोटारीच्या बोनेटपेक्षा उंच असल्यामुळे मागून धडकलेली गाडी त्याच्या खाली घुसते. चुरगळण्यासाठी बनवलेल्या भागाला काही लागतच नाही, एअरबॅगला कधी वेळेवर कळत नाही, आणि पहिला मार काचेच्या खांबांवर आणि माणसाच्या डोक्यावर बसतो. ट्रकांना मागे अडसर लावण्याचा नियम आहे तो यासाठीच; तो अडसर वाकलेला, सडलेला किंवा काढून टाकलेला मी असंख्य वेळा पाहिला आहे, आणि ट्रॉलीला तर तो माझ्या पाहण्यात नाहीच. उंच गाडी येथे थोडी उजवी ठरते, कारण ती कमी आत घुसते. तरीही ही धडक वजनाने किंवा उंचीने जिंकता येत नाही, वेळेत थांबूनच टाळता येते.

थांबण्याचा हिशेब लोकांना सांगितला की ते चकित होतात. दोन सारख्या गाड्या, एक ६० ने आणि एक ८० ने जात आहे, आणि दोघांनी एकाच खुणेवर ब्रेक दाबला. ६० ची गाडी ज्या ठिकाणी पूर्ण थांबते, त्या ठिकाणी ८० ची गाडी अजून ताशी ५३ किलोमीटर वेगाने धावत असते. ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा वेळ मी यात धरलेलाच नाही. तो धरला तर आकडा आणखी वाढतो. ८० ऐवजी ६० ने चालवल्यास गाडीतील ऊर्जा ४४ टक्क्यांनी कमी होते. सात लाखांत मिळणाऱ्या कोणत्याही लोखंडाने एवढा फायदा मिळत नाही.

मागच्या आसनावरच्या पट्ट्याबद्दल मला विस्ताराने लिहायचे आहे, कारण आपल्या घरात मुले आहेत आणि आई मागे बसणार आहेत. मागे पट्टा लावणे कायद्याने सक्तीचे आहे आणि न लावल्यास १,००० रुपये दंड आहे, पण गावाकडे मागचा पट्टा लावलेला माणूस मी वर्षातून मोजके पाहतो. दहा किलोंचे मूल आईच्या मांडीवर आहे आणि ५० ने जाणारी गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर आईच्या हातांना ते मूल सुमारे १४० किलोंचे वाटेल. कोणतीही आई ते धरू शकत नाही. माया कमी पडते म्हणून नव्हे, हातात तेवढे बळच नसते. पुढच्या आसनावर मांडीवर मूल घेऊन बसणे तर एअरबॅगच्या गाडीत आणखी घातक, कारण उघडणारी पिशवी मुलावरच येते. मागे न बांधलेला प्रौढ माणूस पुढच्या आसनाच्या पाठीवर आदळतो आणि बांधलेल्या चालकालाही चिरडतो. मी पाहिलेल्या गाड्यांत, पेटी शाबूत असूनही मागची माणसे गेली, असे प्रसंग मन विषण्ण करणारे आहेत, आणि ते जड, महागड्या गाड्यांतही तितकेच घडतात.

तेव्हा माझे उत्तर. आपण सांगितलेल्या दोन पर्यायांत मी नवी हॅचबॅक घेईन, मात्र भारत एनकॅपमध्ये तिला मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी किती तारे मिळाले ते पाहून, आणि मागच्या तिन्ही जागांना खांद्यावरून येणारे पट्टे आहेत याची खात्री करून. मध्यम वजनाची, हजार-अकराशे किलोंची, २०२२ नंतरची एखादी वापरलेली गाडी त्याच पैशांत मिळत असेल तर ती माझी पहिली पसंती राहील; त्यात वजनाचाही थोडा फायदा पदरात पडतो. रोजचा सगळा प्रवास करंजीच्या पुढच्या टप्प्यासारखा नागपूर-हैदराबाद महामार्गावर असता, जेथे दुभाजकामुळे ट्रक समोरून येण्याची भीती कमी असते, किंवा मोठी गाडीही २०२२ नंतरची असती, तर मी मोठीच घ्या असे म्हणालो असतो. बांधणी आणि साधने सारखी असतील तर जड गाडीतला माणूस जास्त सुरक्षित असतो, हे मी वर मान्य केलेच आहे.

तरीही जुनी गाडीच घ्यायची ठरली तर व्यवहारापूर्वी काही गोष्टी पाहाच. विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणे परवडणार नाही अशा, ठरवलेल्या गाड्या भंगारात न जाता जोडून पुन्हा विकल्या जातात, हे मी माझ्याच अहवालातली एक गाडी दीड वर्षानंतर बाजारात चकचकीत रंगात उभी पाहिली तेव्हा शिकलो. गाडीत एअरबॅग असेल तर चावी फिरवल्यावर तिचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर बहुधा कोणीतरी त्याची तार काढली आहे. विझलाच नाही तर यंत्रणा बिघडली आहे. दाराचे रबर थोडे ओढून खांबावरचे कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर आहेत का ते बघा. पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्याच्यावर मी वर सांगितला तसा डाग शोधा.

गाडी कोणतीही घेतली तरी पुढे लोखंडी गार्ड बसवू नका. त्यावर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली आहे. तो दबणाऱ्या भागाचे काम बिघडवतो, एअरबॅगच्या संवेदकांना फसवतो आणि दुचाकीवाल्याची हाडे मोडतो. आणि रेक्झिनचे सीट कव्हर चढवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. आपल्याकडे कव्हर चढले की मागच्या पट्ट्यांच्या कड्या कायमच्या आसनाखाली गाडल्या जातात आणि पुढच्या आसनांच्या कडेला असलेली बाजूची एअरबॅग शिवून बंद होते. गाडी ताब्यात घेताना आईंना आणि मुलांना सोबत न्या, तिन्ही कड्या वर काढून घ्या आणि दुकानातून निघण्यापूर्वीच त्यांना एकदा बांधून बसवून पाहा.